तात्यांचा दोर

माझी मुलगी पाहायला आलेल्या तात्यांनी चहाच्या आधी शेततळं दाखवा म्हटलं. जमीनजुमला बघायचा असेल म्हणून मी ऐटीत नेलं. त्यांनी पिशवीतून गाठी मारलेला जाड दोर काढला, काठावरच्या खुंटाला बांधून पाण्यात सोडला आणि म्हणाले, "चला, आता पोहे खाऊ."

तात्या काष्टी गावचे, आता माझे व्याही. पंचक्रोशीत कुणी बुडालं की काढायला त्यांनाच बोलावतात. तळ्याचा प्लॅस्टिक कागद शेवाळतो, मग पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. म्हणून हा गृहस्थ न विचारता दिसेल त्या तळ्याला दोर बांधतो. आणि लोक तो सोडून टाकतात. मढी काढणाऱ्याने दोर बांधला म्हणजे अपशकुन म्हणे. मीही सोडला होता. तात्यांनी पुन्हा बांधला, वर मलाच झापलं, "गुरुजी, शिकून तुमचा काय उपेग?"

यंदा मी आणि तात्या लेक-जावयाकडे इंग्लंडला गेलो. समुद्रकाठी बुडत्यांना वाचवणाऱ्या होड्यांचं एक जुनं ठाणं आहे, ते पाहायला जावयाने आम्हाला सोडलं. आत रंगरंगोटी केलेली जुनी होडी. तात्या थेट कठड्याखालून घुसले आणि होडीचे दोर ओढू लागले.

"कुजलाय ह्यो. ह्याला धरून कोन वर येईल?"

"तात्या, ते नुसतं बघायला ठेवलंय."

"दोर काय बघायची चीज हाय व्हय?"

माझं डोकंच फिरलं. परमुलखात आमची शोभा. तिथल्या म्हाताऱ्या बाई धावत आल्या. मी माफी मागितली, हेही गावाकडे बुडालेल्यांना काढतात असं सांगितलं. बाई एकदम खुलल्या. भिंतीवरची वाचवलेल्यांची पाटी दाखवून त्यांनी विचारलं, यांनी किती काढले?

"बारा," तात्या म्हणाले, आणखीही काही बोलले. मी बारा एवढंच सांगितलं. बाईंनी कौतुकाने त्यांचा हात हातात घेतला.

तात्यांनी तो सोडवून घेतला. "गुरुजी, पुढचं खाल्लं तुमी. बारातला एकबी जित्ता न्हवता. मला बोलावत्यात तवा समदं होऊन गेल्यालं असतं."

मी तेही सांगितलं. माझी मलाच लाज वाटत होती.

तात्या टोपी काढून पाटीसमोर उभे राहिले. "काय लिवलंय?"

"मासेमारीची बोट. सात माणसं."

"साती जित्ती?"

"हो."

"पुढलं सांगा."