बेबीआक्कांची दोन मिनिटं

आमच्या पालिकेच्या सभेत दोन मिनिटांचं मौन खरोखरच दोन मिनिटं चालतं. याचं श्रेय नगराध्यक्षांना नाही, सदस्यांनाही नाही. ते प्रेक्षकांच्या बाकावर बसणाऱ्या बेबीआक्कांना आहे.

सभेच्या सुरुवातीला दुखवट्याचा ठराव होतो. अध्यक्ष नावं वाचतात, सगळे उभे राहतात, माना खाली घालतात आणि एक उसासा टाकून होतो न होतो तोच खुर्च्या सरकायला लागतात. पूर्वी आमच्याकडेही असंच होतं. एका सभेला सगळे बसले आणि बघतात तर मागे कडक इस्त्रीच्या साडीतली एक ठेंगणी बाई हात जोडून उभीच. अध्यक्षांनी "बाई, बसा" म्हणून सांगितलं, बाई बसेनात. प्रेक्षकांनी सभेत बोलायचं नाही असा नियम आहे, पण उभं राहायचं नाही असा नियम कुठेच नाही. मौन पाळणाऱ्या बाईला शिपायाकरवी बाहेर काढणंही बरं दिसेना. शेवटी ओशाळून एकेक सदस्य पुन्हा उभा राहिला. आक्का मनातल्या मनात देवाचं नाव घेत होत्या. त्यांचं ठरलेलं माप पुरं झालं तेव्हा त्या बसल्या, मग सभा बसली. तेव्हापासून पद्धतच पडली. आक्का बसल्या की दोन मिनिटं झाली, घड्याळाकडे कुणी बघत नाही.

मी त्याच पालिकेत सभांचं काम बघणारा कारकून आणि आक्कांचा शेजारी. मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्याला आमची घरं, मध्ये फक्त चिऱ्यांचा कमरेइतका गडगा. त्यामुळे घरी आणि कचेरीत दोन्हीकडे मी त्यांच्या नजरेत. ही नजर साधी नव्हे. आक्कांनी उभा जन्म शिवणाचा क्लास चालवला. रत्नागिरीतल्या निम्म्या बायका त्यांच्या हाताखाली ब्लाउज बेतायला शिकल्या, आणि त्यातल्या काही पुढे नगरसेविका झाल्या. आपल्या प्रभागाच्या गटारावरून टेबल बडवणारी बाई मागे आक्का दिसल्या की एकदम हळू बोलायला लागते. एकीने तर बोलता बोलता पदर सारखा केला आणि मुद्दाच मागे घेतला.

ठरावांबद्दलचं त्यांचं मतही शिवणातलंच. सभा संपली की जिन्यात मला गाठून म्हणायच्या, "विलास, आज टीप वाकडी गेली हो. वाकडी गेली की उसवायची. ओढून बसवली की झोळ येतो." पार्किंगच्या ठरावाला असा झोळ आलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे.

एका बातमीदाराला वाटलं, बाई दर सभेला येते म्हणजे हिचं काहीतरी काम अडलं असणार. त्याने विचारलं तर म्हणाल्या, माझं काय अडायचंय, नळाला पाणी येतंय, दिवा लागतोय. मग येता कशाला? "बघायला कुणी असलं की माणूस नीट शिवतो," आक्का म्हणाल्या. त्याला बातमी मिळाली नाही, तो चहा पिऊन गेला.

पण आक्कांचं खरं काम सभेच्या आदल्या संध्याकाळी चाले. दुखवट्यात पूर्वी मोठ्यांचीच नावं असत. आक्का गडग्यापाशी येऊन मला हाक मारायच्या आणि एखादं नाव सांगायच्या: कधी गोड्या पाण्याची विहीर उपसणारा सखाराम, कधी सायकलवरून बांगडे विकणारे करीमचाचा. नुसतं नाव चालत नसे, त्यासोबत माणसाचा एक गुणही वाचायला हवा असे. करीमचाचांचा गुण होता, "मासे ताजे नसले तर त्यांनी घंटी वाजवली नाही, गुपचूप पुढे गेले." नगराध्यक्षांनी हे भर सभेत वाचलं तेव्हा विरोधी बाकांवरूनही कुणीतरी "खरं आहे" म्हणालं. मला तरी अशा ठरावांपुढे बाकीचे सगळे ठराव कोरडे वाटायला लागले.

एक नियम मात्र त्यांनी स्वतःच घालून घेतला होता. आपल्या घरच्याचं नाव आपण सांगायचं नाही. क्लासमध्ये आपल्याच भाचीला पहिला नंबर देण्यासारखं ते, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या घरी होते एक नाना, त्यांचे यजमान. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मितभाषी. मूलबाळ नव्हतं. सभेच्या दिवशी आक्कांची इस्त्री चाले आणि नाना स्वयंपाकघरात भात लावत. एकदा पडवीत चहा पिताना ते माझ्यादेखत म्हणाले, "सगळ्या गावाला उभं करतेस. माझ्या वेळी काय करशील?"

"पुरी दोन मिनिटं करून घेईन," आक्का म्हणाल्या. "तुम्ही काळजी करू नका."

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. पालिकेची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, प्रशासक आले. प्रशासक एकटेच ठराव मांडत, एकटेच मंजूर करत. सभागृहाला कुलूप लागलं. त्या काळात नाना गेले.

आक्का आमच्यासमोर रडल्या नाहीत. दिवसकार्य आटोपल्यावर फक्त गडग्यापाशी येऊन विचारलं, सभा कधी रे? मी म्हटलं, निवडणूक झाली की. मग पावसाळे आले नि गेले, आणि दर थोड्या दिवसांनी तोच प्रश्न नि माझं तेच उत्तर. नानांना दिलेला शब्द पुरा व्हायचा राहिला होता, आणि मला त्यांच्याकडे बघवत नसे.

शेवटी निवडणूक झाली. नवं सभागृह, निम्मे चेहरे जुनेच. पहिल्या सभेच्या आदल्या संध्याकाळी आक्का आल्या. मधल्या काळात गेलेल्यांची नावं त्यांना तोंडपाठ होती, एकेक गुणासकट. मी ऐकत राहिलो. नानांचं नाव काही येईना. शेवटी मीच विचारलं, नानांचं घालू ना?

"घरचं माणूस आपण सांगायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

त्यांनी सांगायचं नव्हतं. मी सांगायला कुणाची बंदी नव्हती.

दुसऱ्या दिवशी आक्का मागच्या बाकावर, तीच कडक इस्त्री. नगराध्यक्ष नावं वाचत गेले आणि शेवटी नानांचं नाव आलं. "पत्नीला या सभेला उशीर होऊ नये म्हणून दर सभेच्या दिवशी घरचा भात त्यांनी लावला." सभा उभी राहिली.

आक्का उभ्या राहिल्या नाहीत. प्रयत्न केला त्यांनी, मी पाहिलं, पाय उचलेनात. तोंडाला पदर लावून बाकावर बसूनच राहिल्या. आता पंचाईत अशी की आक्का बसल्या की मौन संपतं हे सगळ्यांना ठाऊक, पण आक्का उभ्याच राहिल्या नाहीत तर ते संपणार कसं? जुने सदस्य मागे वळून बघत उभे, त्यांच्याकडे बघून नवे उभे. दारातला शिपाई उभा. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली असतील. कुणी खुर्चीला हात लावला नाही.

शेवटी मागून बारीक आवाज आला. "बसा हो. पुरे झालं."

प्रेक्षकांनी सभेत बोलायचं नसतं. इतिवृत्तात ते वाक्य मी घेतलं नाही, आणि कुणी का म्हणून विचारलंही नाही.

जिन्यात आक्कांनी माझा हात धरला. पहिल्यांदाच त्यांना उतरायला आधार लागत होता. आजच्या टिपेबद्दल काही बोलतील म्हणून मी वाट पाहत होतो. अर्धा जिना उतरल्यावर त्या थांबल्या.

"भात कच्चा राहायचा रे त्यांचा. दर वेळी," त्या म्हणाल्या. "मी कधी सांगितलं नाही."