तीन शिंकांची अट

घर कसं स्वच्छ करायचं हे मला कुणी शिकवू नये! बत्तीस वर्षं मी एर्मोसियोहून नोगालेसला बस नेली. वाटेत वाळवंटाशिवाय काही नाही, पण माझ्या बसच्या काचेवर कुणाला बोटाने नाव लिहिता आलं नाही. म्हणून माझी बायको ओफेलिया शिंकांना कंटाळून बहिणीकडे, अम्पारोकडे, राहायला गेली, तेव्हा मी तिच्या फाटकात उभा राहून म्हणालो, "रविवारी दुपारी परत ये. घरात कणभर धूळ सापडली तर नावाचा एव्हारिस्तो नाही!"

"धुळीचं मला सांगू नकोस, म्हाताऱ्या. मी येऊन बसेन. तीन शिंका आल्या की उठेन. मग अम्पारोकडेच राहीन, कायमची."

ती थट्टा करत नव्हती. कित्येक वर्षं रोज सकाळी पंधरा-पंधरा शिंका, डोळे लालभडक. बहिणीकडे दोन आठवड्यांत एकही नाही! अम्पारो तर गल्लीभर सांगत होती, "घर बदललं की शिंका थांबतात. नवरा तेव्हाच बदलला असता तर ही वेळच आली नसती!"

मी मात्र रोज सकाळी सवयीने दोघांची कॉफी करत होतो आणि एकटाच पीत होतो. फार जड गेले ते दिवस.

डॉक्टरीणबाईंनी चार गोष्टी सांगितल्या होत्या. चादरी कडक गरम पाण्यात धुवा. गालिचे बाहेर काढा. कोरडा झाडू बंद, ओलं फडकं चालू. आणि कूलरमधलं जुनं गवत बदला, पण घर कोरडं ठेवा. कोरड्या हवेत धुळीतले किडे तगत नाहीत, ओल मिळाली की बारशी करतात. पहिल्या तीन मी पाठ केल्या. चौथीतली अर्धीच लक्षात राहिली.

गुरुवारी गालिचा अंगणाच्या भिंतीवर टाकला आणि दांडक्याने बडवला. वारा कुठे वाहतोय ते बघितलं नाही. पलीकडून फेर्मिन ओरडला. हा आमच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांना कोम्पाद्रे म्हणतो.

"कोम्पाद्रे! मांस भाजतोय मी इथे! मीठ लावलं होतं, माती नव्हती लावली!"

शुक्रवारी चव्वेचाळीस डिग्रीत छपरावर चढून कूलरचं गवत बदललं. उतरताना गुडघ्यांनी राजीनामा दिला. मग घरात हाताला लागेल ते धुतलं. पडदे, उशा, भिंतीवरच्या संतांच्या तसबिरीसुद्धा पुसल्या. फक्त माझ्या टोपीला हात लावला नाही. वडिलांची फेल्टची रुंद काठाची टोपी ती. पाणी लागलं की आकार जातो. आणि टोपी म्हणजे काही घरसामान नव्हे!

शनिवारी शेवटचा डाव टाकला. सगळ्या खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली, दारांना लावली, किल्लीच्या भोकालाही लावली. कूलर पूर्ण वेगात सोडला. आता ये म्हणावं धुळीला!

रविवारी सकाळी उठलो तर बिस्किटं वाकत होती. मिठाचा गोळा झाला होता. भिंतींना घाम फुटला होता, आणि लग्नाच्या फोटोतला मी आज आहे तेवढा सुजला होता.

फेर्मिन आत आला आणि दारातच थबकला. "कूलर चालू आणि खिडक्या बंद? हे घर आहे की तामाले उकडायचं पातेलं? हवा बाहेर जायला एक खिडकी उघडी लागते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल!"

मलाही ठाऊक होतं हो! जन्मभर एक खिडकी उघडी ठेवत आलो. पण त्या तीन शिंकांच्या धसक्याने डोकंच चालेनासं झालं होतं.

अकरा वाजता मी चिकटपट्ट्या ओरबाडून सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. सव्वाअकराला धुळीचं वादळ आलं! बंद करायला धावलो तर पट्टी हाताला, हात पडद्याला, पडदा गळ्यात. आगीतून निघालो आणि फुफाट्यात पडलो. वादळ गेलं तेव्हा ओल्या भिंतींवर चिखलाचा गिलावा झाला होता.

बाराच्या ठोक्याला ओफेलिया आली, मागून अम्पारो. ओफेलियाने चारी भिंती बघितल्या आणि खुर्चीत बसली. अम्पारो बोटं मोजायला तयार! पाच मिनिटं गेली. पंधरा गेली. अर्धा तास गेला.

एकही शिंक नाही! ओला चिखल उडणार कसा?

"कमाल आहे," ओफेलिया म्हणाली. "घराचा गोठा झालाय, पण नाक मोकळं आहे." ती उठली आणि दोघांची कॉफी टाकली. मला रडूच आलं.

"आज मेजवानी! मी मांस घेऊन येतो!" म्हणत मी झोपायच्या खोलीत गेलो, खिळ्यावरची टोपी काढली, सवयीने गुडघ्यावर एकदा आपटली आणि डोक्यावर चढवून स्वयंपाकघरात आलो.

"आक्छी!"

मग दुसरी. तिसरी. सातवीपर्यंत अम्पारोने मोजल्या. "तरी मी सांगत होते, घर नाही, नवरा!"

ओफेलियाचे लाल डोळे माझ्या तोंडावरून हळूहळू वर सरकले.

"ही टोपी कुठे असते रे?"

"तुला माहीत आहे की. पलंगावर टोपी ठेवली तर घरातलं माणूस जातं. म्हणून पलंगाच्या वर, खिळ्याला."

"कुणाच्या उशीवर?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सत्तावीस वर्षं मी अपशकुन टाळत होतो आणि ती रात्रभर माझ्या वडिलांची धूळ हुंगत होती. घरातलं माणूस जायची वेळ आली ती टोपीमुळेच.

त्या दिवशी कुणीतरी घर सोडणं भागच होतं. ओफेलिया राहिली. टोपी अम्पारोकडे गेली. बाहेर टाकवेना म्हणून मीच विनवणी केली. पलंगावर ठेवायची नाही, एवढं मात्र बजावलं.

परवा अम्पारो बाजारात भेटली. डोळे लालभडक, हातात रुमाल. म्हणाली, यंदा धूळ फार आहे.

मी म्हटलं, हो ना, फारच.