सुपरचार्जरची बारी

"ताकद वाढवायची संधी माणसाला एकदाच मिळती, आन ती साधतो त्यालाच जग मुजरा करतं!" धर्माजींनी लोणीच्या चौकात जाहीर केलं. त्या वेळी त्यांची लालभडक स्पोर्ट्स कार स्पीडब्रेकरवर पोट टेकून बसली होती आणि निम्मा चौक तिला मागून ढकलत होता.

"बसवू का मग सुपरचार्जर?" त्यांनी शेजारी बसलेल्या बायकोला विचारलं.

"आत्ता हळू घासती, मग जोरात घासंल," कुशाबाई म्हणाल्या. "दुसरं काय व्हणार?"

तरी धर्माजी मंचरच्या रामदास मेकॅनिककडे गेलेच. रामदासने दोन्ही बाजू मांडल्या. "इंजिनात जादा हवा कोंबतंय हे, तात्या. पाय ठेवला की गाडी उधळलीच समजा! पण इंजिन तापंल, पेट्रोल ढोसंल, गिअरबॉक्स कण्हंल. आन हवा चोख लागती. फिल्टरला अजिबात हात लावायचा न्हाई!"

धर्माजींना एवढ्यातलं 'उधळलीच' तेवढं ऐकू आलं. त्याला कारण होता मेहुणा गोरख. त्याच्या बैलांनी यंदाही बैलगाडा शर्यतीतला चढ, म्हणजे घाट, मारला होता, आणि तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "दाजी, तुमची गाडी फोटोपुरती! आमच्यापेक्षा कमी सेकंदात घाट चढून दाखवा. हरलात तर यात्रेच्या मिरवणुकीत माझी बैलं पुढं, तुमी मागं!"

यात्रेच्या दिवशी धर्माजी फेटा बांधून घाटाच्या पायथ्याशी उभे राहिले. बॉनेट उघडं. पण फिल्टरच्या डब्यामुळे सुपरचार्जर धड दिसेना. नवरी आणायची आणि पदर ओढून ठेवायची? धर्माजींनी स्वतःच्या हाताने फिल्टर काढला आणि इंजिन चालू केलं. अशी शिट्टी घुमली, की गोरखचे बैलसुद्धा वळून बघायला लागले!

"आली रं आली, धर्माजीशेठची बारी आली!" स्पीकर गरजला.

आता, बारी सुटायच्या आधी भंडारा उधळायचा, हा घाटाचा रिवाज. बैल असो की बॉनेट! शंभर मुठी एकदम उघडल्या. सुपरचार्जरने मात्र कामात कसूर केली नाही. जादा हवा ओढली, तिच्यासोबत गावाचा सगळा भंडारा ओढला. गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली, मग सायलेन्सरमधून अशी पिवळीधमक शिंकली, की मागे उभे असलेले पंच हळद लागलेल्या नवरदेवासारखे दिसू लागले. आणि इंजिन गप्प!

"वाढली का हो ताकद?" कुशाबाईंनी विचारलं.

गोरखने कासरा आणला आणि गाडीला बांधला.

मिरवणूक निघाली. पुढे बैल, मागे गाडी. धर्माजी स्टिअरिंग धरून ताठ बसले होते, दोन्ही बाजूंना हात हलवत होते.

"बैलं काय, समद्यांकडं हायेत," ते कुशाबाईंना म्हणाले. "पण अशी गाडी ओढायचं भाग्य कुणाच्या बैलांना मिळतं का?"

चौक जवळ आला, तसं त्यांनी खिडकीतून हळूच डोकं बाहेर काढलं.

"गोरख, भाऊ... बैलं इतक्यात सोडू नको रं. पुढं स्पीडब्रेकर हाय."