शौकतची थप्पी

शौकत रेडिओवाल्याच्या मते एक म्हणजे एक नव्हे, एकोणपन्नास!

"तात्या, बटन दाबलं की मशीनला आकडा न्हाय, अक्षर मिळतंय. त्यातनं अठ्ठेचाळीस वजा केलं की एक!" मी चौथी नापास, पण एकावर पोचायला एवढा वळसा मी कधी घातला नाही.

हे मशीन म्हणजे त्याच्या भावानं आखातातनं पाठवलेला कॉम्प्युटर. त्या मशीनच्या भाषेत म्हणे सगळं एकावर एक रचायचं, आणि वरचं आधी उचलायचं. तेव्हापासून "वरचं आधी!" हा शौकतचा मंत्र. भाकरी उचलतानाही तेच. चाळीस वर्षं मी मार्केट यार्डात गुळाच्या ढेपांच्या थप्प्या लावल्या, आणि हा मला थप्पी शिकवणार!

त्याची बायको जुबेदा लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. वाचा गेली, एक बोट तेवढं चाले. भिंतीवर यादी: एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे औषध, अशी पन्नासेक. तिनं खाटेवर बसवलेल्या बटणांवर आकडा दाबला की बाहेर दुकानातल्या टीव्हीवर वाक्य उमटे. "माझी जुबेदा बोलती!" म्हणून हा पेठभर सांगत सुटला.

पण मी गेलो की टीव्हीवर यायचं, "कूस बदला." शौकत धावत आत जाऊन तिला भिंतीकडं वळवायचा. वळता वळता बाई दारातनं माझ्यावर डोळे वटारायची. चार दिवस सोसलं.

"शौकत, तुझ्या बायकोला माझं तोंड बघवत न्हाय. उद्यापासनं येत न्हाय मी!"

"तात्या, तिनंच एकेचाळीस दाबलं. मी काय करू?"

मी सरळ खाटेपाशी जाऊन उभा राहिलो. "दाब गं परत."

तिनं एक दाबला. मग चार.

बाहेरून शौकत ओरडला, "एकेचाळीस! कूस बदला!"

"अरं शहाण्या, चौदा दाबलं तिनं! एकावर चार ठेवलास न्हवं? मग वरचं आधी म्हणून चारच उचलणार की तू!"

एका आकड्याचं सगळं नीट यायचं, म्हणून या पंडिताला पत्ताच नव्हता. खाली मान घालून बटणं बडवत बसला. आता म्हणे पहिल्याला दहानं गुणायचं, मग दुसरा मिळवायचा. हमालानं सांगितल्यावर सुचलं!

जुबेदानं पुन्हा एक दाबला, चार दाबला. 

"काय लिवलंय रं?"

"'तात्यास्नी चहा टाका.'"

"हे कुणी घातलं यादीत?"

"ती रोज बोलायची ना तात्या, तेवढंच घातलंय सगळं."

चहा शौकतनंच केला. साखर नाही, नुसतं पाणी.  खाटेसमोर बसून, तिला दिसेल असा, सगळा प्यालो.