चार वाजता अण्णा येतात

निवृत्त झाल्यावर पाचव्या महिन्यात धम्मदीप ओव्हाळ यांनी ठरवलं, की यापुढे आपल्या घरात फक्त मुक्त सॉफ्टवेअर चालेल. निवृत्त माणसं काहीबाही करतातच. कुणी हार्मोनियम शिकतं, कुणी सोसायटीचं सेक्रेटरीपद ओढवून घेतं, कुणी गच्चीत कोथिंबीर लावतं. शालनताईंना यांतलं काहीही चाललं असतं. अगदी हार्मोनियमसुद्धा.

झालं असं, की शनिवार पेठेतल्या एका हॉलमध्ये व्याख्यान होतं आणि पत्रकावर 'चहापान' छापलं होतं, म्हणून धम्मदीप गेले. (पुण्यात पत्रकावरचं चहापान व्याख्यानानंतर असतं आणि व्याख्यान संपत नाही.) बोलणारा संभाजी नावाचा तिशीतला दाढीवाला गडी होता. त्याचं गाव शहरात आलं, शेतावर इमारती उभ्या राहिल्या आणि हा कॉम्प्युटरमध्ये शिरला. तो म्हणाला, "तुमच्या घरात राऊटर हाय. भिंत तुमची, खिळा तुमचा, वीज तुमची. हुकूम कुनाचा? कंपनीचा! आत काय चाललंय ते तुम्हाला उघडून बघता येतं का? न्हाई. मंग ते यंत्र तुमचं कसं?"

धम्मदीप ताठ बसले. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं हेडक्लार्की करताना 'हुकूम कुणाचा' हे विचारायची त्यांची कधी छाती झाली नव्हती. शिवाय 'उघडून बघता येतं का' हे वाक्य त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं होतं. त्यांचे वडील, अण्णा, कारखान्यात फिटर होते. छप्पन साली एकोणिसाव्या वर्षी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि तेव्हापासून त्यांनी घरात एकच कायदा चालवला: उघडून बघितल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही. देव, भूत, साधू, रेडिओ, सगळ्यांना तोच कायदा. गेल्या वर्षी सत्त्याऐंशीव्या वर्षी अण्णा गेले. घरच्या वायफायचा पासवर्ड त्यांनीच ठेवलेला होता. इंग्रजी अक्षरांत 'भूत नसतं' आणि पुढे १९५६.

रविवारी धम्मदीप बुधवार पेठेतून एक जुना राऊटर घेऊन आले. संभाजीने सांगितलेलाच. त्यात शंभर टक्के मुक्त, म्हणजे कुणालाही उघडून बघता येणारं, सॉफ्टवेअर बसतं.

"अहो, चालू राऊटर कशाला काढताय?" शालनताईंनी विचारलं.

"त्याच्या आत काय चाललंय हे आपल्याला माहीत नाही, शालन."

"तुमच्या आत काय चाललंय हे मला तीस वर्षं माहीत नाही. तुम्हाला बदललं का मी?"

धम्मदीप स्टुलावर चढले. राऊटर दाराच्या वर, फळीवर बसवला. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले, म्हणजे घरातले फोन आणि खालच्या मजल्यावरच्या यमुनाबाईंचा टीव्ही आपोआप जोडले जातील. (यमुनाबाईंना वायफाय अण्णांनी देऊन ठेवलं होतं. रोज दुपारी चारला दोघं त्यांच्याकडे चहा घेत आणि सरकार कुठलंही असो, त्याला नावं ठेवत.) संभाजीने फोनवर पाठवलेल्या यादीतलं जे जे चालू करता येईल ते ते धम्मदीपनी चालू केलं. घरातली गाणी-सिनेमे सगळ्या टीव्हींना पुरवायची एक सोय होती. घरात पुरवण्याजोगं एकही गाणं नसताना तीही चालू केली. मग बजावलं, "या राऊटरला कुणी हात लावायचा नाही."

"आणि कॉम्प्युटर?"

"तोही. पुढच्या रविवारी. शंभर टक्के."

शालनताई 'शंभर टक्के' ऐकून क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि पोळ्या लाटायला गेल्या.

पुढच्या रविवारी कॉम्प्युटरने अगदी सभ्यपणे विचारलं: जुनं ठेवून शेजारी नवं बसवू, की सगळं पुसून नवंच बसवू? धम्मदीपच्या कानात संभाजी घुमला, "अर्धं स्वातंत्र्य म्हंजी स्वातंत्र्यच न्हाई!" त्यांनी 'पुसून'वर दाबलं. कॉम्प्युटरने पुन्हा विचारलं, नक्की? (सरकारी खात्यात दुसरं स्मरणपत्र आलं की माणूस जरा थांबतो. घरात थांबत नाही.) त्यांनी नक्की म्हटलं.

नवी व्यवस्था सुरेख चालली. वायफाय पकडणारा भाग मात्र मुक्त सॉफ्टवेअर मानेना, म्हणून फळीवरच्या राऊटरपासून टेबलापर्यंत हॉलमधून पंधरा फुटांची पिवळी वायर टाकावी लागली. प्रिंटरने कायमची रजा टाकली. हे सगळं होईपर्यंत संध्याकाळ झाली, आणि मग धम्मदीपना आठवलं, की त्या कॉम्प्युटरमध्ये 'अण्णा' नावाचं फोल्डर होतं.

शालनताईंनी दोन हिवाळे बसून सासऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या होत्या. त्रेचाळीस रेकॉर्डिंग. अण्णांचा आवाज जगात तेवढाच उरला होता, आणि कॉम्प्युटरने दोनदा विचारूनही धम्मदीपनी तो पुसला होता.

ते खुर्चीत बसून राहिले. बायकोला सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला. दापोडीहून मोठी बहीण, शकूताई.

"धम्मा, अण्णांचा स्मृतिदिन तीन आठवड्यांवर आलाय. त्या दिवशी अण्णांचा आवाज लावशील ना रे? शेवटी मला पोचायला उशीर झाला. बोलणं राहूनच गेलं."

"हो आक्का," धम्मदीप म्हणाले. "लावू की."

आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

बुधवारी दुपारी शालनताई शाळेत शिकवायला गेल्या होत्या. कर्वेनगरातली दुपार. कुकर झालेले, मुलं शाळेत, लिफ्टसुद्धा हलत नव्हती. धम्मदीप पिवळ्या वायरीच्या टोकाला बसून पुसलेली फाईल परत आणायचे उपाय वाचत होते. घड्याळात चार वाजले.

कुणीतरी खोकलं.

दोनदा आखूड, एकदा लांब. तो खोकला धम्मदीप जन्मापासून ओळखत होते. त्या खोकल्यानंतर अण्णा नेहमी काहीतरी बोलायचे. कुणी बोललं नाही. फक्त दाराच्या वर राऊटरचा हिरवा दिवा, जो एरवी आळसावून लुकलुकायचा, तो आता धावत सुटल्यासारखा फडफडत होता. इंटरनेट कुणीही वापरत नव्हतं.

गुरुवारी चार वाजता घरातून कुठूनतरी हसणं आलं. खोल, भांड्यात तोंड घालून हसावं तसं. दिवा फडफडला.

शुक्रवारी धम्मदीप तोंडाला साबण लावून बाथरूममध्ये उभे होते, मुद्दाम, म्हणजे काही ऐकू येऊ नये. आणि तिथे, अगदी कानाशी, आवाज आला:

"धम्मा! काय केलंस हे?"

साबण डोळ्यांत गेला. धम्मदीप आंधळ्यासारखे चाचपडत बाहेर आले, पिवळ्या वायरीत अडकले, भिंतीला धरून स्विचबोर्डापर्यंत पोचले आणि राऊटरचं बटण बंद केलं. हिरवा दिवा विझला. आणि आवाज शब्दाच्या मधोमध तुटला.

म्हणजे अण्णा राऊटरमध्ये होते.

आता धम्मदीपची पंचाईत लक्षात घ्या. दुसरा कुणी असता तर घाबरून लिंबू-मिरची बांधून मोकळा झाला असता. पण भूत नसतं हे ज्यांनी शिकवलं, त्यांचंच भूत घरात आलेलं. भ्यायचीसुद्धा लाज. भ्यायलो तर अण्णा रागावणार, आणि अण्णा तर आहेतच! वायफायचा पासवर्ड 'भूत नसतं' ठेवायचा आणि दुपारी चारला त्याच वायफायमधून वडिलांच्या शिव्या ऐकायच्या. शालन विचारेल म्हणून राऊटर पुन्हा चालू केला, पण धम्मदीपची भूक गेली. शनिवारी शालनताई म्हणाल्या, "अहो, तुम्ही दिसताय कसे? काही सांगायचंय का मला?"

"छे. मला काय सांगायचंय?"

"बरं," शालनताई म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या.

सोमवारी धम्मदीपनी संभाजीला फोन केला.

"मला एक सांग. पुसलेली फाईल... म्हणजे समजा... आपोआप बोलू शकते का?"

"काका, बंदिस्त सॉफ्टवेअरमधी काय बी होऊ शकतं. आपल्यात न्हाई. आपला सोर्स उघडा हाय. कुनीबी वाचावा."

धम्मदीप वाचायला बसले. हजारो ओळी. सगळं उघडं होतं, काहीही लपवलेलं नव्हतं, आणि एक अक्षर कळत नव्हतं. चार वाजता दिवा फडफडला आणि बाथरूमकडून अण्णा शांतपणे म्हणाले, "खरं सांग. मी मारणार नाही." धम्मदीप जागच्या जागी रडले. भीतीने नाही. तो आवाज पुन्हा ऐकायला मिळाला म्हणून, आणि सांगायचं धाडस नव्हतं म्हणून.

स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी जिन्यात यमुनाबाईंनी हाक मारली. गुडघ्यांमुळे त्या जिना चढत नाहीत, स्वतःच्या दारात खुर्ची टाकून बसतात, आणि ऐकायला कमी येत असल्यामुळे ओरडून बोलतात.

"धम्मा! मागे एका शुक्रवारी अण्णा मधेच गप्प झाले रे!"

धम्मदीपनी कठडा घट्ट धरला. "कोण?"

"अण्णा! चारला येतात ना! मी चहा घेते त्यांच्याबरोबर. नेहमीसारखा!"

"तुम्हाला... भीती नाही वाटत?"

"अण्णांची? त्यांची कसली भीती! उलट बरं वाटतं. एकटीने चहा जात नाही."

धम्मदीप एकेका ढांगेत दोन-दोन पायऱ्या घेत वर पळाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी.

स्मृतिदिनाला हॉलमध्ये सतरंजी घातली. अण्णांचा फोटो, फुलं, मेणबत्त्या. पिवळी वायर सतरंजीखालून नेली होती, तिचा उंचवटा नेमका शकूताईंच्या मांडीखाली आला होता. विधी उशिरा सुरू झाला. त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. सगळे एका सुरात म्हणत होते. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. 'मुसावादा वेरमणी' म्हणताना धम्मदीपचा आवाज फुटला. पुढचं शील बाकीच्यांनी त्यांच्याशिवायच म्हटलं.

वंदना संपल्यावर शकूताई पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "आता लाव रे अण्णांना."

घड्याळात चारला दोन मिनिटं कमी होती. धम्मदीप हात जोडून उभे राहिले.

"आक्का, मी लावू शकत नाही. मी ते पुसलं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. कॉम्प्युटरने दोनदा विचारलं होतं. शालन, तुलाही सांगितलं नाही. तीन आठवडे सांगितलं नाही. आणि तेव्हापासून अण्णा रोज..."

चार वाजले. राऊटरचा दिवा फडफडला. बाथरूमकडून खोकला आला. दोनदा आखूड, एकदा लांब.

सतरंजीवरची माणसं गोठली. एका काकांच्या हातातला खिरीचा चमचा तोंडापाशीच राहिला. आयुष्यभर भूत नाकारणारी पंधरा माणसं एकमेकांकडे बघायचं टाळत होती, कारण आधी कोण घाबरतं हे कुणालाच दाखवायचं नव्हतं.

"अण्णा?" शकूताई पुटपुटल्या.

"बाथरूमच्या डक्टमधून येतोय आवाज," शालनताई म्हणाल्या. त्या एकट्याच शांत होत्या, आणि आता त्याही थोड्या चकित दिसत होत्या. "खालून. यमुनाबाईंकडून. चला."

अख्खा स्मृतिदिन जिना उतरून खाली गेला. यमुनाबाईंचं दार उघडंच होतं. टीव्हीवर पाटी होती, 'अण्णा', आणि आवाज शेवटपर्यंत वाढवलेला होता. समोर यमुनाबाई, हातात बशी, शेजारी दुसऱ्या खुर्चीपुढे दुसरा कप.

"तीन आठवडे झाले, टीव्हीवर आपोआप 'अण्णा' आलं," त्या ओरडून म्हणाल्या. "सुनेनं बटण दाखवलं. म्हटलं, धम्मानेच सोय केली असणार. गुणाचा मुलगा!"

धम्मदीप बायकोकडे वळले.

"तुम्ही 'शंभर टक्के' म्हणालात त्याच रात्री मी सगळं पेनड्राईव्हवर घेतलं," शालनताई म्हणाल्या. "घरात तुमचा हात लागणार नाही अशी एकच जागा होती. राऊटरच्या मागे बरोबर त्या मापाचं भोक होतं. दिला लावून. तो तिथून टीव्हीत जातो हे मला काय माहीत?"

"मग मला सांगितलं का नाहीस? मी वेडा व्हायचा राहिलो!"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. अण्णांचा मुलगा आहात, खरं बोलाल असं वाटलं." त्या जराशा हसल्या. "बोललात. उशीर केलात, पण बोललात."

शकूताई टीव्हीसमोर जमिनीवर बसल्या होत्या आणि पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. कुणीतरी 'शू' केलं. अण्णा बोलत होते:

"...तर धम्मा तेव्हा दहा वर्षांचा. आत काय आहे बघतो म्हणून नवाकोरा रेडिओ उघडला. चूक माझीच, उघडून बघ म्हणून मीच शिकवलेलं. सगळे तुकडे फरशीवर. मी म्हटलं, धम्मा! काय केलंस हे? खरं सांग. मी मारणार नाही. तर पोरगं रडत म्हणतं, अण्णा, उघडता आलं, पण जोडता येत नाही." मग ते खोल, भांड्यातल्यासारखं हसणं. "गुणी आहे हो माझा धम्मा. पण शालन, त्या दिवसापासून मी एक नियम केला. मोलाची वस्तू या घरात एकच ठेवायची नाही. दोन ठेवायच्या. एक आपल्याला, आणि एक धम्माला उघडायला."

पंधरा माणसं हसली. धम्मदीपही हसले, डोळे पुसत. पुन्हा एकदा ऐकावं म्हणून ते पुढे झाले आणि टीव्हीचा रिमोट उचलला.

"धम्मा!" यमुनाबाई ओरडल्या. "रिमोट खाली ठेव!"