चार अष्टमांश

नोव्हेंबरातला उजेड हाउटालांच्या स्वयंपाकघरात कधी घाईनं येत नसे. आधी तो सरोवराच्या बाजूच्या खिडकीच्या चौकटीवर नुसता टेकून राही, धुऊन पालथ्या घातलेल्या बाटलीसारखा, पांढरट आणि रिकामा. मग काचेवरच्या बर्फाच्या नक्षीतून वाट काढत तो कालच्या न विसळलेल्या कपांवर उतरे. तिथून मेजावरच्या मेणकापडावर, मेणकापडाच्या जळक्या कोपऱ्यावर. तिथं विचारात पडल्यासारखा थोडा वेळ थांबे. आणि अखेरीस, आता इलाजच उरला नाही अशा बेतानं, कॉफीच्या कपाभोवती गुंडाळलेल्या आर्वो हाउटालाच्या सासष्ट वर्षांच्या हातांपर्यंत पोचे. त्या उजेडात सोनेरी असं काही नव्हतं. वस्तू जितक्या जुन्या आहेत तितक्याच दाखवायच्या, एवढंच काम तो इमानानं करी. आर्वोला तो आवडे, तो याचसाठी.

आर्वोनंही आयुष्यभर हेच केलं होतं. दर वर्षी पंधरा नोव्हेंबरला, हरणांच्या शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी, गावच्या सभागृहासमोर दोन खांबांवर एक आडवा वासा चढवला जाई. दिवसभरात मारलेले नर त्यावर ओळीनं टांगत, आणि संध्याकाळी आर्वो खिशातून पोलादी टेप काढून त्यांची शिंगं मोजी. प्रत्येक फाट्याची लांबी, दांड्याचा घेर, दोन शिंगांमधलं अंतर. सगळ्यांची इंचांत बेरीज, इंचाचे आठ भाग. चार अष्टमांशाला तो कधीही अर्धा म्हणत नसे. "नियमात तसं नाही," म्हणे.

सहा वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या भावानं, तौनोनं, टांगलेल्या आपल्या हरणाशेजारी उभं राहून गावाला सांगितलं होतं: दीडशे. आर्वोनं टेप काढली. एकशे एकोणचाळीस आणि चार अष्टमांश. तौनोनं हरीण उतरवलं, गाडीत टाकलं आणि तो निघून गेला. आजोबांच्या काळापासून हाउटाला ज्या रानातल्या कॅम्पवर हंगाम काढत आले होते, तिथं त्यानं त्यानंतर पाऊल ठेवलं नाही. "माझा नाइलाज होता," आर्वो सांगे, "मोजायला उभं केल्यावर खोटं कसं बोलायचं?" हे वाक्य त्यानं सहा वर्षांत इतक्यांदा सांगितलं होतं की ऐकणारे संपले होते. अलीकडे तो ते कॉफीला सांगे.

हंगामाला दहा दिवस उरले असताना त्यानं रानातल्या झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतले फोटो पाहिले. दोन नंबरच्या कॅमेऱ्यात जुन्या सफरचंदाच्या झाडाखाली एक नर उभा होता. दहा फाटे; चांगला, पण चारचौघांसारखा. आर्वो त्याला ओळखत होता. गेल्या मार्चच्या गारठ्यात त्याच्या दोन्ही कानांची टोकं झडली होती आणि तेव्हापासून तो सदैव काहीतरी चुकीचं ऐकल्यासारखा दिसे. आर्वोनं फोटो शिकाऱ्यांच्या ऑनलाइन गटावर टाकला आणि खाली लिहिलं: "आज सकाळी. कॅमेरा नंबर दोन." यापेक्षा जास्त तो कधीच लिहीत नसे, आणि घात झाला तो तिथंच.

कारण जिवंत हरणाला टेप लावू देण्याची सवय नसते. म्हणून शिकारी त्याला कानांनी मोजतात: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोळा इंच, हे धरून चालायचं, आणि शिंगं कानांच्या किती बाहेर गेली ते बघायचं. कान आखूड असले, तर शिंगं आपसूक वाढतात.

"ऐक," त्याची बायको डोरीन चष्मा कपाळावर सरकवून फोनमधून वाचू लागली. "'कानांबाहेर पाच-पाच इंच! एकशे नव्वद तरी असणार.' त्याखाली दुसरा म्हणतो, 'काका, चष्मा बदला. दोनशेच्या खाली एक इंच नाही.' आणि हा कोण... 'फोटो आर्वो हाउटालानं टाकलाय. हा माणूस बायकोचं वजनसुद्धा अष्टमांशात सांगेल.' सांगून तर बघ म्हणावं."

आर्वोनं उसासा टाकला आणि तर्जनीनं एकेक अक्षर दाबत खुलासा लिहायला घेतला: कान गारठ्यानं झडलेत. हरीण मोठं नाही.

"लवकर लिही बाबा," डोरीन म्हणाली. "तुझं टाइप होईपर्यंत ते म्हातारपणानं मरेल."

एवढ्यात फोन थरथरला. निरोप तौनोचा होता. सहा वर्षांच्या मौनानंतर त्यात एकच ओळ होती: "कॅम्पची किल्ली अजून तिथंच असते का?"

आर्वोनं ती तीनदा वाचली. मग खुलाशाचं एकेक अक्षर, जसं लिहिलं होतं तसंच सावकाश, उलट्या क्रमानं पुसलं, आणि भावाला कळवलं: "हो."

"पाठवलंस?" डोरीननं विचारलं.

"काय?"

"कानांचं."

"उद्या पाठवतो."

डोरीननं त्याच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. चाळीस वर्षांच्या संसारात काही गोष्टी विचारायच्या राहून गेल्या तरच दिवस पुढं सरकतो.

तो उद्या उगवला नाही. हरीण मात्र वाढत राहिलं. मंगळवारी ते दोनशे बाराचं झालं. बुधवारी ओहायोतल्या एका दातांच्या डॉक्टरनं ते मारल्याची बातमी आली. गुरुवारी कॅन्ससमध्ये कुणीतरी ते बाणानं पाडलं. शुक्रवारी विस्कॉन्सिनमध्ये ते एका दुधाच्या टँकरखाली आलं. तीन राज्यांत तीन मरणं मरून ते रोज सकाळी सात दहाला दोन नंबरच्या कॅमेऱ्यासमोर येऊन सफरचंदं खाई, आणि त्याच्या तोंडावर या धावपळीचा कसलाही शीण दिसत नसे. शीण आर्वोला येई.

एल्साच्या खानावळीत तो शिरला की बोलणी थांबत.

"आर्वो, तू बोल," गावचा कारभारी गॉर्डन म्हणाला. "लोक काहीही बोलतात. तू आकडा सांगशील तो आम्ही मानू."

"मी मोजलेलं नाही," आर्वो म्हणाला. हे खरं होतं.

"बघा!" गॉर्डन वळून सगळ्यांना म्हणाला. "नाही म्हणाला का? लहान असतं तर तिथल्या तिथं म्हणाला असता, लहान आहे. मी याला पन्नास वर्षं ओळखतो. माझ्या मुलीच्या लग्नात यानं केकची उंची खोटी पाडली होती."

"मी फक्त म्हणालो, तीन थर आहेत, चार नाहीत."

"तेच ते!"

आर्वोनं आपली मांस-बटाटा भरलेली पेस्टी कागदात गुंडाळून घेतली आणि गाडीत बसून खाल्ली. खोटं तो एका शब्दानंही बोलला नव्हता. आयुष्यभर खरं बोलून साठवलेली पत अशी असते, की तिचा मालक नुसता गप्प बसला तरी ती खर्च होत राहते. मोठ्या पुलापलीकडून, दक्षिणेतल्या शहरांतून अनोळखी गाड्या येऊन रस्त्याकडेला उभ्या राहू लागल्या. शेजारची बर्निस, कुणी हरीण समजून बार काढू नये म्हणून, आपल्या गाईला शिकाऱ्यांसारखा नारिंगी कोट चढवून बाहेर सोडू लागली. आणि गॉर्डननं सभागृहासमोरचा लाकडी वासा काढून तिथं पोलादी तुळई बसवली. "वजन पेलायला नको?" तो म्हणाला. "उद्या टीव्हीवाले आले आणि वासा मोडला, तर तोंड कुठं दाखवायचं?"

रोज सकाळी आर्वो ठरवी की आज लिहायचं. मग तौनोचा निरोप येई: "चुलीचा पाइप साफ आहे का?" "आजोबांची ती लोखंडी कढई आहे ना?" आर्वो उत्तर देई: "आहे." एकदा मात्र तौनोनं थेट विचारलं: "दोनशे बारा खरंच?" आर्वोनं लिहिलं, "मी मोजलेलं नाही," आणि फोन पावाच्या डब्यात ठेवून दिला.

चौदा तारखेच्या दुपारी तौनो कॅम्पवर आला. तो जाड झाला होता आणि त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"म्हातारा झालास," तौनो म्हणाला.

"तू पण."

"मी तीन वर्षांनी लहान आहे."

"तीन वर्षं आणि..." आर्वो सुरू झाला, आणि थांबला. महिने आणि दिवस त्यानं मोठ्या कष्टानं गिळले.

संध्याकाळी त्यांनी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवला, कढईत बटाटे परतले. बोलणं हवामानावर, गुडघ्यांवर आणि मेलेल्या ओळखीच्यांवर झालं. सहा वर्षांचं नाव कुणी काढलं नाही. तौनो दोन नंबरच्या कॅमेऱ्याजवळच्या मचाणावर बसेल, हे न बोलताच ठरलं. आर्वोला त्या रात्री वाटलं, हरीण उद्या न आलं तर किती बरं होईल. ते रानात राहील, दोनशे बाराचं राहील, आणि पुढच्या वर्षी तौनो पुन्हा येईल.

हरीण सात दहाला आलं. ते कधीच उशीर करत नसे.

एकच बार ऐकून आर्वो बर्फ तुडवत सफरचंदापाशी पोचला. तौनो बंदूक खाली ठेवून हरणाकडे बघत उभा होता.

"कान बघ," तौनो म्हणाला.

"बघतोय."

"आत्ता बघतोयस?"

आर्वो बुटाच्या टोकानं बर्फ उकरू लागला.

"तुला ठाऊक होतं."

"लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात तुझा निरोप आला."

"मग?"

"मग राहिलं."

तौनो एका ओंडक्यावर बसला. बराच वेळ त्यानं टोपी हातात फिरवली. "तीनशे मैल गाडी हाणली मी, म्हाताऱ्या," तो म्हणाला. त्याचा आवाज चिडलेला नव्हता. तो नुसता दमलेला होता. "आता अख्खं गाव तिथं उभं असेल. पुन्हा मी, पुन्हा माझं हरीण, आणि पुन्हा तू टेप काढणार."

"तिकडे न्यायलाच नको."

"मग म्हणतील, हाउटालांनी लपवलं. नको. टांगू." त्यानं वर पाहिलं. "काढशील ना पण टेप?"

"मोजायला उभं केलं तर..." आर्वो म्हणाला, आणि वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच त्याला जड गेलं.

सभागृहासमोर दोनशे माणसं जमली होती. एल्सानं खानावळ बंद ठेवून कॉफीचं पिंप बाहेर आणलं होतं. भावांनी हरीण पोलादी तुळईवर चढवलं; त्या दिवसाचं ते पहिलंच होतं. त्या तुळईवर ते, दिवाणखान्यात चुकून आलेल्या पाहुण्यासारखं, फारच एकटं दिसलं.

"हे काय?" गॉर्डननं विचारलं.

"हरीण," तौनो म्हणाला.

"ते दिसतंय. *ते* कुठाय?"

तौनोचा चेहरा लाल होऊ लागला. तो लाल रंग आर्वोच्या ओळखीचा होता. आर्वो पुढं झाला आणि दहा दिवस जे एका बोटानं लिहवलं नव्हतं, ते सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलला: "हेच ते. कान गारठ्यानं झडलेत, म्हणून फोटोत शिंगं मोठी दिसली. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चूक माझी. तौनोची नाही."

मग गॉर्डनच्या चेहऱ्यावर सावकाश, समजूतदार हसू पसरलं.

"समजलं," तो म्हणाला, आणि त्यानं डोळा मारला. "जागा लपवायची आहे. मोठं अजून रानातच आहे."

"गॉर्डन, मी खरं सांगतोय."

"सांग, सांग. पन्नास वर्षांत पहिल्यांदा थाप मारलीस गड्या, पण काय मारलीस! म्हणे कान झडले!"

"हा त्याचा पुतण्या असणार," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "घराणं एकच. तोंडावळा बघा ना."

"पुतण्या एवढा, तर काका केवढा असेल?"

"दोनशे वीस तरी."

लोकांनी आर्वोच्या पाठीवर थापा मारल्या. एल्सानं त्याला फुकट कॉफी दिली. आणि बर्निस घाईघाईनं गाईला आत बांधायला गेली. पाच मिनिटांत गर्दी गटागटानं फुटून पांगली. प्रत्येकाला दोन नंबरचा कॅमेरा नेमका कुठं असेल याचा अंदाज दुसऱ्याला सांगायचा होता. हरणाकडे वळून बघायला कुणाला सवड नव्हती.

तुळईखाली दोघं भाऊ उरले. आर्वोच्या हातात टेप होती. ती खिशातून कधी आली ते त्याला कळलं नव्हतं. दोन इंच पोलाद बाहेर आलेलं होतं आणि तौनो त्याकडे बघत होता. त्याची हनुवटी वर होती, हात खिशात होते. मार खायला तयार असलेला माणूस असाच उभा राहतो.

आर्वो वाट बघत राहिला. गॉर्डन पाठमोरा होता. एल्सा कप गोळा करत होती. "मोज" असं कुणीही म्हणालं नाही.

त्यानं अंगठा उचलला. टेप खट्कन आत गेली.

तौनोनं नाक पुसलं. "उद्या मचाणावर तू बस," तो म्हणाला. "मी चूल सांभाळतो. आता थंडी सोसत नाही मला."

"बरं," आर्वो म्हणाला. त्याला नेहमीचं ते वाक्य आठवलं, माझा नाइलाज होता, मोजायला उभं केल्यावर. आणि सवयीनं तो त्या जुन्या संध्याकाळी परत गेला, उभं करणाऱ्याचा चेहरा शोधू लागला. गॉर्डन तेव्हाही कॉफी पीत होता. एल्सा हसत होती. बर्निसनं तौनोला मिठी मारली होती, मुलं हरणाच्या शिंगांना हात लावून बघत होती, आणि सगळे खुशीत दीडशे, दीडशे म्हणत होते.

मोजायला त्याला कुणीही सांगितलं नव्हतं.