एक जंगल, एक तेल

एका जंगलात एकच मोटारगाडी होती, आणि ती सरकारी असूनही रोज चालत होती. यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही विचाराल. बाळांनो, मोठे झालात की कळेल.

गाडी आजाऱ्यांसाठी होती. खिंडीपलीकडे हत्तीणबाईंचा दवाखाना होता. कुणाचा पाय मोडला, कुणाला ताप भरला, कुणाचे दिवस भरले, की गाडी त्यांना घेऊन खिंड चढायची.

गाडी चालवायची अनसूया नावाची साळू. पाठभर काटे असल्यामुळे तिच्या सीटला वर्षातून दोनदा नवं कव्हर लागायचं. बाकी तिचा काही त्रास नव्हता. रोज सकाळी ती बॉनेट उघडायची, ऑइलची दांडी बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा बुडवायची आणि उजेडाला धरून बघायची. गाडीबरोबर एक पुस्तक आलं होतं. इंजिनात कोणतं ऑइल घालावं ते त्यात लिहिलं होतं. पातळ, अमुक नंबरचं. अनसूया तेच घालायची. अकरा वर्षं गाडी चालली ती एवढ्यावरच. जंगलात याला हट्टीपणा म्हणत.

मग सिंहमहाराजांच्या राज्याला दहा वर्षं झाली. दहा वर्षांत काय केलं, हे सांगायची वेळ आली. दरबारी मंडळींनी तीन दिवस आठवून पाहिलं. काही आठवेना. तेव्हा घाईघाईने एक योजना जाहीर झाली : एक जंगल, एक तेल.

पाण्याच्या पंपाला तेच तेल. उसाच्या चरकाला तेच. राजवाड्याच्या बिजागऱ्यांना तेच आणि गाडीच्या इंजिनालाही तेच. हिरवा डबा, त्यावर महाराजांचा हसरा फोटो. तेल इतकं घट्ट की डबा उलटा केला तरी ते विचार करून खाली यायचं.

गाडीसाठीचा डबा घेऊन भांडारप्रमुख केशवराव अस्वल जातीने आले. डब्याला हार घातलेला होता.

"अनसूयाबाई, आजपासून हे."

अनसूयाने झाकण उघडलं. आपला एक गळलेला काटा तेलात बुडवला, वर धरला आणि थेंब पडायची वाट बघत उभी राहिली. केशवरावांनी दोनदा घड्याळ पाहिलं. थेंब पडला नाही.

"साहेब, हे पंपाचं तेल आहे. आपल्या इंजिनाच्या वाटा बारीक. सकाळच्या गारठ्यात हे वर चढायचंच नाही. इंजिन कोरडं फिरेल आणि जाम होईल."

"घट्ट आहे म्हणून नावं ठेवता? अहो, दूध घट्ट चांगलं की पातळ?"

"घट्ट."

"वरण?"

"घट्टच."

"मग तेलाने काय घोडं मारलंय?"

"डोळ्यांत घालायचं औषध घट्ट चालेल का, साहेब?"

केशवरावांनी आवाज खाली आणला. "तुमचा महाराजांच्या फोटोवर आक्षेप आहे का?"

"छे! फोटो झकास आलाय. पण इंजिनात फोटो नाही, तेल जाणार आहे. पुस्तकात बघा ना, पातळ लिहिलंय."

"ते पुस्तक आपल्या जंगलात छापलंय?"

"नाही."

"झालं तर मग!"

"बरं, तसं लेखी द्या."

"लेखी?" केशवराव दुखावले. "आमच्यावर विश्वास नाही तुमचा?"

असं म्हणून त्यांनी पातळ ऑइल काढून टाकायला लावलं, घट्ट तेल ओतून घेतलं आणि डब्याबरोबर फोटो काढून ते निघून गेले.

बाळांनो, ज्याला गाडीतलं काही कळत नाही तो मागे बसतो. ज्याला अजिबातच कळत नाही तो भांडारप्रमुख होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. गोमती नीलगाईला कळा सुरू झाल्या. वासरू आडवं होतं, त्यामुळे दवाखाना गाठणं भाग होतं. अनसूयाने गाडी सुरू केली. इंजिनातून टकटक आवाज आला, कुणीतरी आतून दार वाजवावं तसा.

"हे काय वाजतंय गं?" गोमतीने विचारलं.

"योजना," अनसूया म्हणाली. "तू श्वास घे."

खिंडीच्या पायथ्याशी समोरचा लाल दिवा लागला. अनसूयाला त्या दिव्याचा अर्थ पाठ होता. आत्ताच्या आत्ता गाडी थांबवा, नाहीतर इंजिन संपलं. तिने थांबण्यासाठी पाय उचलला. मागे गोमती कण्हली. थांबलं तर इंजिन वाचणार होतं. अकरा वर्षं बाळासारखं जपलेलं इंजिन. पण मागे खरंच एक बाळ वाट बघत होतं.

अनसूयाने पाय परत दाबला.

गाडी टकटकत, धुरकटत खिंडीच्या माथ्यापर्यंत चढली. तिथे मोठ्याने खाड् झालं, आणि सगळं शांत. इंजिन जाम.

माथ्यावर दोन गवे चरत होते. सख्खे भाऊ.

"ताई, ढकलायची का?" धाकट्याने विचारलं.

"ढकलू नका, मागून ओढून धरा! पुढे उतार आहे. आणि हळू. अडलेली आहे आत."

दोघांनी मागून दोर लावला आणि उतारावर गाडी सांभाळत थेट दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली. हत्तीणबाईंनी सोंडेने हलकेच वासरू फिरवलं. तासाभरात ते चार पायांवर उभं राहून अनसूयाच्या काट्यांचा वास घेत होतं. नाक टोचल्यावर शिंकलंही.

इंजिन गेलं म्हटल्यावर चौकशी आली. चौकशी समितीवर खवल्या मांजराची नेमणूक झाली. त्याचा अनुभव दांडगा. अवघड प्रश्न आला की तो अंग गुंडाळून चेंडू व्हायचा आणि प्रश्न निघून गेला की उलगडायचा. अशा त्याने सात चौकशा केल्या होत्या.

"इंजिन का जाम झालं?" अनसूयाने त्यालाच विचारलं.

खवल्या चेंडू झाला.

अहवाल आला तो असा : तेल महाराजांनी मंजूर केलेलं आहे, म्हणून ते योग्य आहे. इंजिनाने तेलाशी सहकार्य केलं नाही. सबब इंजिन दोषी. ते काढून भांडारात बंद करून ठेवावं. आणि चालकाने 'या गाडीला हे तेल योग्य आहे' असं लिहून द्यावं, नाहीतर आजाऱ्यांची गाडी कायमची बंद.

अनसूयाने काटे फुलवले. "खोटं लिहून देणार नाही!"

"मग आजारी चालत जातील," केशवराव म्हणाले.

ती रागाने गाडीपाशी येऊन बसली. इंजिन उचलून नेलं होतं. बॉनेटखाली नुसती पोकळी. शेजारी हिरवे डबे रचलेले, आणि प्रत्येक डब्यावरून महाराज हसत होते. थोड्या वेळाने गवे आले.

"ताई, खिंडीखाली तापाने फणफणलेलं एक माकड बसलंय. काय करायचं?"

अनसूया पोकळीकडे बघत राहिली. मग गव्यांच्या खांद्यांकडे बघितलं. मग डब्यांकडे. आणि फिसकन हसली.

चार दिवस ठोकाठोकी चालली. तोवर गवे माकडाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवून आले. गाडीची चाकं निघाली, त्या जागी उसाच्या गाडीची मोठी लाकडी चाकं आली. खाली जाडजूड आस बसले. पुढे जू आलं. मग अनसूयाने हिरवा डबा उघडला आणि ते घट्ट, काळं, चिवट तेल आसांना सढळ हाताने चोपडलं.

गव्यांनी मान दिली. गाडी हलली. कुरकुर नाही, करकर नाही. लोण्यातून सुरी फिरावी तशी चाकं फिरली. पुस्तकातलं पातळ ऑइल इथे दोन मिनिटंही टिकलं नसतं.

अनसूयाने कागद मागवला आणि ठसठशीत अक्षरात लिहून दिलं : 'या गाडीला हे तेल योग्य आहे.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

दरबारात पेढे वाटले. 'जंगल समाचार'ने पहिल्या पानावर छापलं : घट्ट तेलाची कमाल, गाडीचा पेट्रोलखर्च शून्यावर! बातमीत गव्यांचा उल्लेख नव्हता. फोटोत ते होते, पण संपादकांनी कापले.

केशवराव गाडी पाहायला आले. भोवती एक फेरी मारून समाधानाने म्हणाले, "बघा अनसूयाबाई, तेल आधीपासूनच चांगलं होतं की नाही?"

"होतं ना, साहेब," कासरा हातात घेत अनसूया म्हणाली. "गाडीच फार पुढे गेली होती. आता आणलीय मागे."

केशवरावांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. पुढच्या भाषणासाठी.

तात्पर्य : बाळांनो, गाडीला चालेल असं तेल शोधत बसणं हा निव्वळ हट्टीपणा आहे. तेल वरून ठरून येतं. आपण फक्त गाडी त्याच्या लायकीची करून घ्यावी, आणि एखादा गवा ओळखीचा ठेवावा.